ओळखीच्या दारातली वसुली

मार्चचा दुसरा आठवडा लागला की महाराष्ट्रातल्या गावोगाव एक रिक्षा फिरू लागते. टपावर भोंगा बांधलेला असतो. घरपट्टी-पाणीपट्टी थकलेल्या ग्रामस्थांनी ३१ तारखेच्या आत कर भरून सहकार्य करावं, असं ती दिवसभर सांगत असते. रिक्षामागून ग्रामपंचायतीचा वसुली कर्मचारी निघतो. पिशवीत मागणीची बिलं, पावतीपुस्तक आणि शिक्का. पहिल्या दारात त्याला पाणी मिळतं, दुसऱ्या दारात चहा. तिसऱ्या घरातली आजी त्याच्या आईची चौकशी करते, कारण दोघी एकाच गावच्या माहेरवाशिणी. मग पट्टीचा विषय निघतो. "तूर विकली की देते रे बाबा." यावर तो काय बोलणार? तो पुढच्या दारी जातो. तिथे त्याचा चुलतभाऊ राहतो, आणि चुलतभावाची तीन वर्षांची थकबाकी आहे.

वीज कंपनीचा माणूस बिल घेऊन येतो तेव्हा तो बहुधा परका असतो. त्याच्याशी वाद घालता येतो, पण नात्याचा हवाला देऊन त्याला परत पाठवता येत नाही. ग्रामपंचायतीचं तसं नाही. इथे कर बसवणारा सदस्य, वसूल करणारा कर्मचारी आणि भरणारा घरमालक हे एकाच पारावर बसणारे, एकमेकांच्या लग्नांत पंगत वाढणारे लोक. गावाच्या विकासासाठी पैसा का उभा राहत नाही, याची उत्तरं शोधताना आपण कायदे आणि अनुदानं बघतो. ती बघायलाच हवीत. पण मला वाटतं, या कोड्याची पहिली गाठ या उंबऱ्यावरच पडलेली आहे.

कायद्याने ग्रामपंचायतीला पैसे मागण्याचा अधिकार दिला आहे, यात शंका नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये करांची आणि फीची लांबलचक यादी आहे. इमारती आणि जमिनींवरचा कर म्हणजे आपली घरपट्टी. शिवाय दिवाबत्ती कर, स्वच्छतेचा कर, पाणीपट्टी, जत्रेला येणाऱ्यांवरचा कर, आठवडे बाजारात पाल ठोकणाऱ्याकडून घ्यायची फी. थकबाकी कशी वसूल करायची हे कलम १२९ सांगतं: आधी बिल, मग मागणीचा लेख, आणि तरीही पैसे आले नाहीत तर जंगम मालमत्तेची जप्ती. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय मांडले गेले. करांच्या बाबतीत मात्र घटनेने राज्यांवर सक्ती केली नाही. राज्याचं विधिमंडळ पंचायतींना कर बसवण्याचे अधिकार देऊ शकेल, एवढंच म्हटलं. 'द्यावेत' आणि 'देऊ शकेल' यांत फार मोठं अंतर आहे, आणि ते देशभरातल्या पंचायतींच्या तिजोरीत दिसतं.

जप्तीचं कलम गावात फारसं कुणी उघडत नाही. ज्याच्या दारातून टीव्ही किंवा मोटारसायकल उचलून आणायची, त्याच्याच ट्रॅक्टरने उद्या आपलं शेत नांगरायचं असतं. म्हणून हल्ली अनेक ग्रामपंचायती थकबाकीदारांची प्रकरणं लोकअदालतीत ठेवतात. न्यायालयातून नोटीस आली की मागणी परक्याकडून आल्यासारखी होते, आणि सरपंचाला कुणाचं वाईट व्हावं लागत नाही.

आता मागणी असते तरी किती? पूर्वी घराच्या क्षेत्रफळावर घरपट्टी ठरत असे. त्या पद्धतीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळालं, वसुली अडली, आणि अखेर ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने भांडवली मूल्यावरची आकारणी आली. जमिनीचा वार्षिक मूल्यदर आणि बांधकामाचा दर घ्यायचा, इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करायचा, आणि वापर निवासी आहे की व्यापारी हे पाहून भारांकाने गुणायचं. येणाऱ्या मूल्याच्या दर हजार रुपयांवर काही पैसे असा कराचा दर. त्याची किमान आणि कमाल मर्यादा शासन ठरवतं. त्या मर्यादेत किती घ्यायचं हे ग्रामपंचायत ठरवते.

एक उदाहरण मांडू. आकडे मी समजायला सोपे धरतो. घर ५० चौरस मीटरचं. जमिनीचा दर चौरस मीटरला ५०० रुपये, बांधकामाचा १०,००० रुपये, घसारा ३० टक्के. जमिनीचे २५ हजार आणि बांधकामाचे साडेतीन लाख, म्हणजे भांडवली मूल्य ३ लाख ७५ हजार. हजारी एक रुपया दर धरला तर वर्षाची घरपट्टी ३७५ रुपये. रोजचा साधारण एक रुपया. अशी ४०० घरं असलेल्या गावाची पूर्ण मागणी दीड लाख रुपये होते, आणि शंभर टक्के वसुली झाली तरच ते सगळे हाती येतात. त्यातही स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम बाजूला काढायची असते. ती काढलीच पाहिजे. गावातल्या ज्या माणसांचा आवाज ग्रामसभेत लहान असतो, त्यांच्यासाठीच ती आहे. पण उरलेल्या एक लाख पाच हजारांत कर्मचारी, कागद, दिवे, गटारं आणि झाडू बसवून बघा.

पाण्याचा हिशेब तर आणखी जवळून बघण्यासारखा आहे, कारण गावकऱ्याला ग्रामपंचायत रोज भेटते ती नळातून. विहिरीवर दहा अश्वशक्तीची मोटार आहे असं धरू. ती तासाला साधारण साडेसात युनिट वीज घेते. रोज सहा तास चालली तर ४५ युनिट, महिन्याला १,३५० युनिट. युनिटला ६ रुपये धरले तर महिन्याचं वीजबिल ८,१०० रुपये, वर्षाचं ९७ हजारांच्या घरात. पाणी सोडणाऱ्या माणसाला महिना ८ हजार दिले तर वर्षाचे ९६ हजार. पाण्यात टाकायची टीसीएल पावडर, व्हॉल्व्हच्या गळत्या, कुणाच्या तरी जेसीबीने फोडलेला पाइप आणि उन्हाळ्यात एकदा हमखास जळणारी मोटार, यांचे ४० हजार. सगळे मिळून सव्वादोन लाखांच्या थोडे वर. नळजोडण्या ३०० असतील तर एका जोडणीला वर्षाचे पावणेआठशे, म्हणजे महिन्याचे ६५ रुपये. याच घरांतल्या मोबाइलचं महिन्याचं रिचार्ज याच्या कितीतरी पट असतं.

पण पट्टी निम्म्याच लोकांनी भरली की लाखाहून मोठा खड्डा पडतो. मग वीजबिल थकतं. थकलं की जोडणी तुटते, आणि त्या दिवशी नळाला पाणी येत नाही ते सगळ्यांच्याच, भरणाऱ्यांच्याही. पुढच्या मार्चमध्ये भरणारा म्हणतो, "पाणी कुठे नीट येतं, मी का भरू?" त्याचं म्हणणं खोटं नसतं. जल जीवन मिशनमधून गावोगाव नवे नळ आणि टाक्या आल्या. उभारणीच्या खर्चात गावाकडून अपेक्षित होता तो दहा टक्के, डोंगरी आणि आदिवासी भागात पाच टक्के लोकवाटा. बाकीचा भार केंद्र आणि राज्याने उचलला. ती योजना पुढची वीस-तीस वर्षं चालवायची कुणी, याचं उत्तर मात्र त्या ६५ रुपयांत आहे.

इथे वाचक विचारील की सरकारचा एवढा निधी येतो, तो कुठे जातो? निधी येतो, हे खरं. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. पण त्या रकमेतला ६० टक्के भाग बंधित होता: निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेल्या अबंधित पैशाचंही आधी ग्रामपंचायत विकास आराखड्यात काम दाखवावं लागतं, आणि पैसे ऑनलाइनच अदा करावे लागतात. हिशेब चोख राहावा म्हणून हे नियम आहेत आणि त्यांचं मोल मी कमी लेखत नाही. फक्त मे महिन्यातल्या रविवारी मोटार जळते तेव्हा रिवाइंडिंगवाला रोख मागतो. त्या दिवशी कामाला येतो तो गावाने स्वतः गोळा केलेला पैसा.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतराज संस्थांच्या वित्तव्यवस्थेवर अहवाल काढला. २०२२-२३ मध्ये देशात एका पंचायतीमागे सरासरी १७ लाख रुपये केंद्राच्या अनुदानातून आले आणि सव्वातीन लाख राज्याच्या. स्वतः बसवलेल्या करांतून आले २१ हजार, आणि कराखेरीज इतर मार्गांनी ७३ हजार. शंभर रुपयांतले पंचाण्णव दुसऱ्याने दिलेले. महाराष्ट्रातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींची स्थिती अनेक राज्यांपेक्षा बरी आहे, इथे घरपट्टी-पाणीपट्टीची सवय जुनी आहे. तरी हा आकडा डोक्यात ठेवून सरपंचाच्या जागी बसून पाहावं. वरून वीस लाख येणार आहेत. खालून लाख-दीड लाख काढायचे तर चारशे दारं ठोठावायची, चुलतभावाला नोटीस द्यायची, आणि तरी पाच वर्षांनी त्याच दारांवर मतं मागायला जायचं. बहुतेक सरपंच काय निवडतील हे उघड आहे, आणि त्यासाठी त्यांना दोष देणं मला न्यायाचं वाटत नाही. ज्या रचनेत मागणाऱ्याला शिक्षा होते आणि न मागणाऱ्याचं काही बिघडत नाही, ती रचनाच बदलायला हवी. १४ व्या वित्त आयोगाने तसा प्रयत्न केला होता. ग्रामपंचायतींच्या निधीतला दहा टक्के भाग कामगिरीशी जोडला, आणि स्वतःचं उत्पन्न वाढवणं ही त्याची एक अट होती.

थकबाकीत सवलत देण्याच्या घोषणांबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. जुनी थकबाकी भरा, निम्मी माफ, असं एकदा जाहीर झालं की वसुलीचा आकडा त्या वर्षी उसळतो. पण ज्या विधवा बाईने दरवर्षी एप्रिलमध्ये रांगेत उभं राहून पट्टी भरली, तिला काय मिळालं? थांबलेल्याचा फायदा झाला हे गाव बघतं, आणि पुढच्या वर्षी थांबणारे वाढतात.

भरणारे कधी भरतात, हे बघितलं तर माणसं पट्टीकडे कसं पाहतात ते कळतं. कर्जासाठी किंवा घरकुलासाठी नमुना नंबर ८ चा उतारा लागला की आधी थकबाकी भरावी लागते. हा उतारा म्हणजे कर आकारणीची नोंद. तो मालकीचा पुरावा नव्हे. तरी गावात त्याला सातबाऱ्याइतकाच मान आहे. निवडणूक आली की उमेदवारांची थकबाकी एका दिवसात भरली जाते, आणि सूचकाचीही. मागणीचं बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरतो, अशी तरतूद कलम १४ मध्ये आहे, आणि तिच्यामुळे पदं गेलेली आहेत. कोकणात घरं वर्षभर कुलूपबंद असतात. मालक मुंबईला, ठाण्याला. तिथे ३१ मार्चचा भोंगा ऐकायलाच कुणी नसतं. वसुली होते ती गणपतीत, चाकरमानी गावी आले की. आरतीनंतरच्या गर्दीत पावतीपुस्तक फिरतं, आणि वर्षातून दहा दिवस राहणारा माणूस वाडीतल्या दिव्याच्या खांबाकडे बघून पैसे काढून देतो.

ओळख आड येते तशीच ती कामालाही लावता येते, हे छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने दाखवलं. भास्करराव पेरे पाटील तिथे दीर्घकाळ सरपंच होते. त्यांच्या कारभारातली सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे पिठाची गिरणी. ज्या घराने सगळे कर पूर्ण भरले, त्याचं दळण वर्षभर ग्रामपंचायतीच्या गिरणीत फुकट. गावाला पिण्याचं शुद्ध पाणीही ग्रामपंचायतीने दिलं. गिरणीचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. दळण ही घरातल्या बाईची आठवड्याची गरज. पट्टी भरली की तिचा डबा फुकट भरून येतो, नाही भरली की तिला शेजारणीच्या देखत पैसे मोजावे लागतात. मग घरात तगादा लावायला शिपायाची गरज राहत नाही. जे वजन एरवी वसुलीच्या विरुद्ध पडत होतं, ते तिच्या बाजूने पडलं. पाटोदा वाळूजच्या औद्योगिक परिसरातलं गाव आहे आणि प्रत्येक गावाला ती जागा लाभत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. पण गिरणी कुठेही बसते.

करापलीकडेही वाटा आहेत. तमिळनाडूत कोइंबतूर जिल्ह्यातल्या ओदनतुराई ग्रामपंचायतीने २००६ मध्ये ३५० किलोवॉटची पवनचक्की विकत घेतली. खर्च १ कोटी ५५ लाख. त्यातले १ कोटी १५ लाख बँकेचं कर्ज, बाकी गावाची शिल्लक. गावाची गरज भागवून उरलेली वीज राज्याच्या वीज मंडळाला विकली जाऊ लागली. कर्ज काढायची हिंमत तिथे झाली कारण आधीची शिल्लक होती, आणि ती शिल्लक घरपट्टी-पाणीपट्टीसारख्या लहान रकमांतूनच साठते. आपल्याकडे व्यापारी गाळे, आठवडे बाजार, मंगल कार्यालय, तलावातल्या मासेमारीचा लिलाव या पुष्कळ ग्रामपंचायतींच्या कमाईच्या जागा. मोबाइल टॉवरचा प्रश्न डिसेंबर २०१६ मध्ये सुटला. अशा टॉवरवर मालमत्ता कर बसवता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी ठरवलं. टॉवरवाली कंपनी चहा पाजत नाही, त्यामुळे तिच्याकडे मागताना जीभही अडखळत नाही.

पण घरांची यादीच अपुरी असेल तर मागणार कुणाकडे? गावठाणात अनेक घरं नोंदीत लहान आणि जमिनीवर मोठी आहेत. वीस वर्षांपूर्वीची मातीची दोन खोल्यांची नोंद, आणि आज तिथे स्लॅबचं दुमजली घर, खाली किराणा दुकान. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. ती करायची म्हणजे टेप घेऊन प्रत्येक घराचं माप घ्यायचं, आणि माप घेतलं की कुणाची तरी पट्टी वाढते, म्हणून ती पुढे ढकलली जाते. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली. गावठाणाच्या हद्दी आणि मिळकतींच्या कडा चुन्याने आखल्या गेल्या आणि वरून छायाचित्रं घेतली गेली. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना आली, आणि अशी मोजणी देशभर सुरू झाली. लोकांना मिळकतपत्रिका मिळते, आणि ग्रामपंचायतीला प्रत्येक छपराचं खरं माप. टेप धरणारा चुलतभाऊ मध्ये राहत नाही. मात्र नकाशा हाती आला तरी नमुना ८ मधली ओळ बदलायचा ठराव ग्रामपंचायतीच्या बैठकीतच व्हावा लागतो, आणि तिथे पुन्हा तेच सात ते सतरा ओळखीचे चेहरे बसलेले असतात.

म्हणून मला वाटतं, वाढीव आकारणीची नोटीस फलकावर लावायची तर तिच्या शेजारी गेल्या वर्षाचा जमाखर्चही लावावा. वीजबिल किती, पाणी सोडणाऱ्याचा पगार किती, मोटार कितीदा जळली, टीसीएलची किती पोती आली. लाखांतले मथळे नकोत, एका जोडणीमागे किती पडले ते लिहावं. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनात शासन वाटा देतं, पण त्यालाही वसुलीच्या टक्केवारीची अट जोडलेली आहे, आणि ती काढावी ही कर्मचारी संघटनांची जुनी मागणी आहे. दारात उभा असलेला तो माणूस स्वतःच्या पगारासाठीही उभा असतो, हे त्या फलकावर लिहिलेलं असलं तर आजी कदाचित तूर विकायची वाट बघणार नाही.

३१ मार्चच्या रात्री ग्रामपंचायतीत उशिरापर्यंत दिवा असतो. वसुलीची बेरीज लागते, बँकेत भरणा झालेल्या रकमेशी ताळा घेतला जातो. १ एप्रिलला नमुना नंबर ९ ची, म्हणजे कर मागणी नोंदवहीची, नवी पानं उघडतात. प्रत्येक नावापुढे आधी मागील थकबाकी लिहायची, मग चालू वर्षाची मागणी, मग एकूण. काही नावांपुढे पहिल्या रकान्यात शून्य पडतं आणि लेखणी भरभर पुढे जाते. काही नावांपाशी ती थांबते. तिथला आकडा गेल्या वर्षीपेक्षा मोठा झालेला असतो. लिहिणाऱ्याला त्या घरी परवा बारशाला जायचं असतं.